काम संपल्यानंतरची सुई

"साधा देऊ की सेफ्टी?" मेडिकलच्या काउंटरवरच्या मुलानं मान वर न करताच विचारलं. रात्रीचे पावणेदहा वाजून गेले होते. बाहेर कोल्हापूरचा जुलै कोसळत होता, पायऱ्यांवर ओल्या छत्र्यांची रांग लागली होती आणि त्यांचं ओघळलेलं पाणी माझ्या चपलांखाली चिकचिकत होतं. वर दुसऱ्या मजल्यावर आप्पा धापा टाकत पडले होते. छातीत कफ, अंगात ताप, वय ७८. माझ्या हातात वॉर्डातून आलेली चिठ्ठी होती. पहिल्याच ओळीत कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, २२ नंबर, मग सलाईनच्या दोन बाटल्या, अँटिबायोटिक, चिकटपट्टी. मी विचारलं, "फरक काय दोन्हीत?" तो म्हणाला, "शंभराच्या आसपास." "तसं नव्हे, पेशंटला काय फरक?" "पेशंटला काय नाय. दोन्ही सारखंच काम करतंय." मी साधा घेतला. पैसे वाचले म्हणून बरं वाटलं असंही नाही. दिवसभरात जे गेले होते त्यापुढं शंभर रुपयांची काय कथा. आपल्याला कुणी फसवत नाही ना, एवढंच मला बघायचं होतं. दवाखान्याची पायरी चढली की मी असाच होतो. चिठ्ठीतली प्रत्येक ओळ मला कुणीतरी माझ्या खिशात घातलेला हात वाटते.

सिस्टर पंचविशीच्या आतबाहेरची होती. चंदगडकडची असावी, बोलण्यात तिकडचा हेल होता. आप्पांच्या हाताची शीर सापडेना. कातडी सुरकुतलेली, खालची शीर दोऱ्यासारखी, बोट लावलं की बाजूला सरकायची. तिनं मनगटावर हलकी टिचकी मारली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दुसऱ्या प्रयत्नात कॅन्युला शिरेत गेली. मागच्या पारदर्शक कप्प्यात रक्ताचा थेंब चढला. मग तिनं डाव्या अंगठ्यानं शीर दाबून धरली आणि उजव्या हातानं आतली सुई बाहेर ओढली. प्लॅस्टिकची नळी शिरेत राहते आणि सुई मोकळी होते, तो क्षण. नेमकी तेव्हाच आप्पांना खोकल्याची उबळ आली. अख्खा हात उसळला. तिच्या उजव्या हातातली सुई तिच्याच डाव्या तर्जनीत गेली.

ती ओरडली नाही. "स्स" एवढाच आवाज झाला. बोट आपोआप तोंडाकडं निघालं होतं, ते तिनं मध्येच थांबवलं. सलाईनची नळी जोडली, चिकटपट्टी लावली, थेंब मोजले. मगच ती बेसिनकडं गेली. हातमोजा काढला तर बोटावर मोहरीएवढा लाल ठिपका होता. ती बोट पिळत नव्हती, चोळत नव्हती. साबण लावून नळाखाली नुसतं धरून उभी होती. पाणी किती वेळ वाहत राहिलं.

माझ्या खिशात मेडिकलची पावती होती.

अर्ध्या तासानं डॉक्टर आले, त्यांच्या हातात एक फॉर्म होता. आप्पांचं थोडं रक्त लागेल म्हणाले. बी कावीळ, सी कावीळ आणि एचआयव्ही अशा तीन तपासण्या, कशाचाही खर्च तुमच्यावर नाही, फक्त सही हवी. २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीची तपासणी माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही, म्हणून तो कागद. आणि मी भडकलो. माझे वडील, महाद्वार रोडच्या आतल्या बोळात पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस, जोतिबाला चालत जाणारा, सुपारीसुद्धा न खाणारा. त्यांची एचआयव्ही तपासणी? माझा आवाज चढला. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी पदर सावरून आमच्याकडं बघितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे त्यांच्यासाठी नाही हो, तिच्यासाठी आहे." ती सिस्टर दाराशी उभी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी इंजेक्शनचा ट्रे तिच्या हातात होता आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. माझं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं. आपल्या बापाच्या अब्रूचा विचार करताना समोरच्याच्या लेकीच्या जिवाचा विचार मला सुचला नाही, हे मी अजून विसरू शकलेलो नाही. आप्पांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "आण रं पेन." थरथरत्या हातानं सही केली. मग तिला हाक मारली, "घे बाई. लागंल तेवढं घे."

रक्त घेऊन झाल्यावर ते बराच वेळ तिच्या हाताकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "ह्यांस्नी अंगुस्तान नसतंय व्हय रं?"

आप्पांचं अंगुस्तान, शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून घालायची टोपी, पितळेचं होतं. मधल्या बोटात रुतून बसलेलं, बारीक खळ्याखळ्यांचं, आतून हिरवट. लहानपणी मी ते बोटात घालून बघायचो तर गार लागायचं आणि पितळेचा वास दिवसभर हाताला राहायचा. दुकानातल्या सुयांची एक शिस्त होती. हातशिलाईची सुई काम झालं की दोऱ्यासकट गळ्यातल्या टेपच्या पट्टीत किंवा खांद्यावरच्या कापडात टोचायची नाही, तर भिंतीवरच्या कापसाच्या उशीत टोचायची. टाचण्या बशीत. आणि मशीनची मोडलेली सुई? ती केरात कधीच जायची नाही. तिच्यासाठी खिडकीत पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा होता. झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेलं, सुई आत जाईल पण बाहेर येणार नाही एवढं. काज-बटणाला येणारा एक पोरगा होता, त्याच्या टाचेत एकदा केरातलं सुईचं मोडकं टोक घुसलं. पिकलं, सुजलं, महिनाभर पोरगं लंगडत होतं. त्या दिवसापासून तो डबा. आप्पा म्हणायचे, चालू सुईकडं आपलं ध्यान असतं, ती टोचली तरी आपल्यालाच टोचती. काम संपलेली सुई दुसऱ्याला हुडकत जाती. मी इंग्रजी शाळेत शिकवायला लागलो, दुकान बंद झालं, डबा माळ्यावर गेला. त्या रात्री वॉर्डाच्या कोपऱ्यात पांढरा, अर्धपारदर्शक, झाकणाला चीर असलेला डबा ट्रॉलीला अडकवलेला बघितला आणि मला आमच्या खिडकीची आठवण झाली. पण डबा चार हातांवर होता. शिरेतून निघून डब्यात पडेपर्यंतच्या त्या चार हातांच्या अंतरात सुई उघडीच होती.

माझी थोरली आत्येबहीण सरकारी नोकरीत सिस्टर होती, आता निवृत्त होऊन उचगावला असते. दुसऱ्या दिवशी आप्पांना बघायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, पावतीचं सोडून. ताईनं काचेच्या सिरिंजचा जमाना बघितलाय. स्टोव्हवर पातेल्यात सिरिंजा आणि सुया उकळत ठेवायच्या, चिमट्यानं काढायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून परत वापरायच्या. तिच्या ट्रेनिंगमध्ये सुईला टोपण घालून ठेवणं ही टापटीप होती. टोपण न लावणारी मुलगी हलगर्जी. मग काही वर्षांनी नेमकं उलटं सांगू लागले. टोपण लावू नका, कारण टोपण लावतानाच सगळ्यांत जास्त बोटं टोचतात. लावायचंच झालं तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हातानं सुईनं उचलायचं. "हाताला लागलेली सवय मोडायला मला दोन वर्षं लागली," ताई म्हणाली. या बदलामागं एड्स होता. सुई टोचून एका नर्सला एचआयव्हीची लागण झाल्याची पहिली नोंद १९८४ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याआधीही सुया टोचतच होत्या, कावीळ होतच होती. पण तिला कुणी एवढं भ्यायलं नव्हतं. ताईच्या बरोबरीच्या एका बाईंना बी कावीळ झाली होती. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

भीती मात्र आजही उलटीच आहे, असं ती म्हणाली. टोचलं की प्रत्येकीच्या तोंडी एचआयव्ही. खरं तर लागण असलेल्या पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता हजारात तीन, सी कावीळची शंभरात दोनाच्या आतच. आणि लस न घेतलेल्या माणसाला बी कावीळची? शंभरात तीसपर्यंत. तिची लस आहे, तीन डोसांची, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. एचआयव्हीवरही उपाय आहे. जमलं तर दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या आणि २८ दिवस न चुकता घ्यायच्या. सीपीआरला, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, त्या मिळतात. सी कावीळला लस नाही. हातमोजा सुई अडवत नाही, पण वरचं रक्त बरंचसं पुसून घेतो. आणि पोकळ सुई ही टाके घालायच्या भरीव सुईपेक्षा वाईट, कारण तिच्या पोटात रक्त असतं. ताई हे सगळं भाजी निवडत सांगावं तसं सांगत होती आणि मला पुन्हा पुन्हा तो मागच्या कप्प्यात चढलेला लाल थेंब दिसत होता.

"त्या पोरीचे डोस झालेत का?" ताईनं विचारलं. मी आदल्या रात्रीच ऐकलं होतं. दोन झाले होते. तिसऱ्याच्या वेळी तिनं नोकरी बदलली होती.

आप्पांची तब्येत उताराला लागल्यावर मी एक गोष्ट केली. दोन्ही प्रकारच्या कॅन्युला विकत घेतल्या आणि घरी आप्पांच्या जुन्या कटिंगच्या टेबलावर उघडल्या. चार पदरी खादीच्या तुकड्यात आधी साधी टोचली. नळी राहिली, सुई ओढली. हातात चकचकीत, तिरकी कापलेली, कुठल्याही शिवणसुईपेक्षा धारदार सुई, उघडी. मग सेफ्टी. तशीच टोचली, तशीच ओढली. सुई बाहेर पडता पडता टक् असा बारीक आवाज झाला आणि तिच्या टोकावर स्टीलची एक चिमुकली पट्टी उडी मारून बसली. मी कुठलंही बटण दाबलं नव्हतं. बोटाचं टोक तिच्यावर दाबून बघितलं. बोथट. मी ती हातात घेऊन कितीतरी वेळ बसलो. टाचणीच्या डोक्याएवढा तो पत्रा. आप्पांच्या अंगुस्तानात आणि यात एकच फरक होता, अंगुस्तान बोटाला घालायचं आणि हे सुईला घातलं होतं. असे प्रकार बरेच आहेत. काही सिरिंजांची सुई दट्ट्या पूर्ण दाबला की स्प्रिंगनं आत ओढली जाते, काहींना बिजागरीचं झाकण असतं ते अंगठ्यानं लोटायचं. बटण किंवा झाकण असलेलं साधन गडबडीत राहून जातं, आपोआप झाकणारं राहत नाही, असं ताईचं मत, आणि मला ते पटतं. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडूच नये.

एक समज माझाही होता, तो इथं सांगतो. २०२१ मध्ये कोविडची लस घेताना आपण जी सिरिंज बघितली, अर्ध्या मिलीची, एकदा दट्ट्या दाबला की कायमची अडकणारी, तीच सुरक्षित सुई असं मला वाटायचं. ती सुरक्षित आहेच, पण आपल्यासाठी. ती दुसऱ्यांदा वापरता येत नाही, म्हणून माझ्या आधीच्या माणसाचं रक्त माझ्यात येत नाही. टोचणाऱ्या बाईसाठी तिचं टोक तेवढंच उघडं असतं. पेशंटचा जीव वाचवणारी सुई आणि सिस्टरचा जीव वाचवणारी सुई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये दोन्ही मागितल्या होत्या. पहिलीचं महत्त्व आपल्याला लगेच पटतं, कारण तिथं आपण असतो.

मग पैसे कुणी द्यायचे? मी अनेकदा स्वतःशी भांडलो आहे. माझ्या आजारी बापाच्या बिलात दुसऱ्याच्या सुरक्षेचे शंभर रुपये का, असं म्हणणारा माणूस अगदीच चूक नसतो. ज्यानं ऊसबिलाच्या भरवशावर उसनवारी करून बायकोला ॲडमिट केलंय त्याला तर मी हे तोंड वर करून सांगूही शकणार नाही. गवंड्याचं हेल्मेट कोण घरमालकाच्या बिलात लावतं? ते देणं नोकरी देणाऱ्याचं. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये यासाठी कायदा झाला. सुया टोचून आजारी पडलेल्या नर्सेस त्यासाठी वर्षानुवर्षं बोलत होत्या. त्या कायद्यानं सुरक्षित साधनं पुरवणं मालकावर टाकलं, आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे, साधन निवडताना ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना विचारलं पाहिजे असंही लिहिलं. युरोपात २०१० मध्ये तसा निर्देश आला. आपल्याकडचे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मी एका रात्री वाचून काढले. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाका, कचरा हाताळणाऱ्यांसकट सगळ्यांना बी कावीळ आणि धनुर्वाताची लस द्या, चांगलं आहे. पण त्यांत 'मोठा अपघात' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. कचऱ्याची गाडी उलटणं हा मोठा अपघात, कचरा पाण्यात जाणं हा मोठा अपघात. सुई टोचणं मोठ्या अपघातात धरायचं नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. लिहिणाऱ्यांचं बरोबरही असेल, गाव बाधित होतं तो मोठा. तरी ते वाक्य वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला.

कारण त्या रात्रीचा दीड तास मी बघितला होता. रिपोर्ट येईपर्यंत ती काम करत होती. सात नंबरच्या आजींना भांडं दिलं, पाच नंबरचं बीपी घेतलं, एका पोराच्या आईला समजावलं. तर्जनीला चिकटपट्टी होती आणि ते बोट ती बाकीच्या बोटांपासून जरा लांब धरत होती. एकदा जिन्याच्या खिडकीशी फोनवर बोलताना दिसली, "हो आई, जेवले. पाऊस हाय. नाय, काय नाय." पहाटे केर काढायला मावशी आल्या. साध्या चपला, पातळ रबरी मोजे. त्यांनी कॉटखालचा बोळा उचलला, पिशवीची तोंडं बांधली आणि पिशवी पायाला लागू नये म्हणून हात लांब करून चालायला लागल्या. मी विचारलं, "मावशी, कधी सुई टोचली?" त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "मोजत न्हाई बाळ." पिशवीतून आलेली सुई कुणाची, कुठल्या कॉटवरची, हे शोधायला तिथं कुणी फॉर्म घेऊन येत नाही. आणि बी कावीळचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जगतो.

आप्पांचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. ती येऊन मला म्हणाली, "थँक्यू काका." मी मान खाली घातली. त्यावेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तीन दिवसांनी कॅन्युला बदलायची वेळ आली तेव्हा मी न विचारता सेफ्टी घेऊन आलो. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि फाडलं. टक् झालं. आप्पांनी डोळे उघडले, "काय वाजलं?" "काय नाय आजोबा, सुई मिटली," ती म्हणाली. तिला तेव्हा सगळं कळलं असावं असं मला वाटतं. कदाचित मलाच तसं वाटून घ्यायचं आहे.

आता आप्पा घरी आहेत, दम लागतो पण जिना चढतात. परवा त्यांची औषधं आणायला त्याच मेडिकलमध्ये गेलो होतो. माझ्या पुढं विशीतला एक पोरगा, रेनकोटातून पाणी गळतंय, चिठ्ठी ओली होऊ नये म्हणून तोंडात धरलेली. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "साधा देऊ की सेफ्टी?" पोरानं विचारलं, "आईला कुठल्यानं बरं हुईल?" "दोन्ही सारखंच." पोरगा मुठीतल्या नोटा मोजायला लागला. मी म्हटलं, "सेफ्टी दे त्याला, वरचे माझ्यात धर." पोरगा माझ्याकडं बघत राहिला. "कशाला वो काका? काय असतंय त्यात?" मी सांगितलं. सुई काढल्यावर तिचं टोक झाकतं, सिस्टरला लागत नाही. त्यानं पाकीट छातीशी धरलं आणि एकेक पायरी सोडून वर पळाला.

माझ्या मागच्या बाईंनी आपली चिठ्ठी काउंटरवर सरकवली. तिच्यातही पहिली ओळ तीच होती.